मक्याच्या भांड्याची गोष्ट सांगणाऱ्या दोन्यांना

आदरणीय दोन्या,

आपले नाव कुठे छापून येऊ नये, ही आपली इच्छा मी पाळते आहे. सांतियागो आतित्लान या आपल्या गावात आपल्याला ‘दोन्या’, म्हणजे बाई, अशी मानाने हाक मारतात, तेवढीच इथे लिहिली आहे. पत्र मराठीत आहे, कारण आपले उपकार माझ्या माणसांनाही कळावेत असे मला वाटते. त्याचा स्पॅनिश तर्जुमा आपल्या लेकीकडे येईल आणि ती तो आपल्याला त्सुतुहिल भाषेत सांगेल.

ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात निर्धूर चुली बांधणाऱ्या गटाबरोबर मी आले, तेव्हा पानाहाचेल गावाहून होडीने आतित्लान सरोवर ओलांडताना दुपारचा शोकोमिल वारा सुटला होता. पोटात ढवळत असताना धक्क्यावर पाहते तर पुण्याची बजाजची रिक्षा उभी! आपल्या गावात तिला तुक-तुक म्हणतात, एवढाच काय तो फरक. घरात तीन दगडांची चूलही तीच, आजीच्या घरी पाहिलेली. इथले सगळे मला ठाऊकच आहे, असा माझा समज झाला आणि तिथेच मी चुकले.

चुली बांधून झाल्यावर घरोघरी विचारले, तर सगळ्यांनी ‘छान आहे’ म्हणून सांगितले. मी समाधानाने वहीत खुणा करत होते. दोन आठवड्यांनी आपण मला त्याच घरांच्या परसात नेलेत, आणि तिथे उघडी चूल पूर्वीसारखीच धुमसत होती. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी धुऊन दळायचा आणि मग तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, थापायच्या, हा रोजचा क्रम; त्यासाठी लागणारे मोठे भांडे आमच्या चुलीवर बसतच नव्हते. पाहुण्यांनी घाम गाळून बांधलेल्या वस्तूला नावे कशी ठेवायची, म्हणून बायका गप्प होत्या. शिवाय मी प्रश्न विचारत होते ते स्पॅनिशमधून, आणि बहुतेक वेळा घरातल्या पुरुषांना. सरोवराकडे येण्यापूर्वी मी धुराच्या दुष्परिणामांविषयी बरेच वाचले होते, पण भांडे केवढे असते हे विचारायचे मला सुचले नव्हते.

आपण माझ्यासाठी काय पणाला लावलेत, हे मला उशिरा उमगले. २ डिसेंबर १९९० रोजी आपल्या गावातल्या निःशस्त्र लोकांवर लष्कराने गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर गावाने लष्कराला तिथला तळ हलवायला लावला. ऑक्टोबर २००५ मध्ये स्टॅन वादळाच्या पावसात गावातली पानाबाहची वस्ती चिखलाखाली गेली. अशा गावात परक्या बाईला स्वयंपाकघरापर्यंत नेणे म्हणजे आपली पत तिच्या हाती देणे. माझ्याकडून काही वावगे घडले असते, तर त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागले असते.

त्या मोठ्या भांड्यासाठी परसात बांधलेली दुसरी, बुटकी आणि रुंद तोंडाची चूल आपण हाताच्या वितीने मापून दिलीत. पुढच्या प्रत्येक गावात मी आधी भांडे पाहायला मागितले आणि मगच विटा उतरवून घेतल्या. एका गावात तर भांडे आपल्या भांड्यापेक्षाही मोठे निघाले, तेव्हा आपली फार आठवण आली.

पावसाळ्याआधी धुरांड्यातली काजळी काढून घ्यावी. बांधकामात आपल्या पुतण्याने मदत केली होती, त्याला ते जमते. पाहुणी म्हणून जे ऐकायला मिळाले नसते, ते आपण मला तोंडावर सांगितलेत. माल्त्योश, म्हणजे धन्यवाद, दोन्या.

आपली कृतज्ञ,
पुण्याची स्वयंसेविका