पेम्ब्रोकशायरच्या डॉक्टर काकूंना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टर काकू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणता आणि लगेच आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू करता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. भारतातून आईवडील आले की आपण सगळे त्यांना लंडन दाखवतो, स्टोनहेंज दाखवतो, सुट्टी उरली तर एडिनबरा. वेल्सच्या पार पश्चिम टोकाला, पेम्ब्रोकशायरला, कोणी नेत नाही. ज्यांच्याकडे पुढच्या वर्षी आईबाबा यायचे आहेत, त्यांच्या हाती तुमचा सल्ला पडावा असं मला मनापासून वाटतं.

आपली ओळख केवढीशी! ब्रिस्टलला एका घरी गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना मी सहज म्हटलं की आईबाबा आलेत, समुद्र बघायचा म्हणतात, पण आईला फार चालवत नाही. यावर कुठे जा, काय बघा हे सांगायच्या आधी तुम्ही विचारलंत, ‘दोघं रमतात कशात?’ आई भरतकाम करते, बाबा गणिताचे शिक्षक होते, आम्ही वेंगुर्ल्याचे, एवढं मी सांगितलं. नंतर पोस्टाने तुमचं पाकीट आलं. आत दोन पानं, तुमच्या अक्षरातली. डावीकडे जागा, उजवीकडे त्या त्या दिवसाची ओहोटीची वेळ, आणि वर अधोरेखित केलेली एक ओळ: ‘इथे घड्याळ बघून नाही, पाणी बघून फिरायचं.’

ती ओळ बाबांना एकदम पटली. आमच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत फरक पडतो तो दोन-अडीच मीटरचा. इथल्या मिलफर्ड हेवन बंदरात उधाणाच्या दिवसांत तोच सहा मीटरच्या वर जातो. म्हणजे सकाळी ज्या धक्क्याला होड्या तरंगत असतात, तिथेच दुपारी त्या चिखलात कलंडून पडलेल्या दिसतात. इथल्या एकाच किनाऱ्याची दिवसात दोन रूपं असतात आणि दोन्ही बघायची असतात, हे प्रवासाच्या कुठल्याही पुस्तकाने आम्हाला सांगितलं नसतं.

टेन्बी गावाला आम्ही तुम्ही दिलेल्या ओहोटीच्या वेळेला पोचलो. पाणी पुरतं उतरलेलं, आणि सेंट कॅथरीनचं बेट, ज्याला भरतीत चहूबाजूंनी समुद्र असतो, ते वाळूतून चालत गाठता येत होतं. वाळू ओली, घट्ट, पाय न रुतणारी. आई काठी टेकत त्या कातळाच्या पायथ्यापर्यंत गेली आणि वरच्या किल्ल्याकडे मान वर करून बघत उभी राहिली. फ्रेंचांच्या हल्ल्याच्या धास्तीने एकोणिसाव्या शतकात बांधलेला तो किल्ला. पण टेन्बीचं खरं गुपित तुम्ही बाबांसाठी राखून ठेवलं होतंत. ‘सेंट मेरीज चर्चमध्ये रॉबर्ट रेकॉर्ड यांचं स्मारक शोधायला सांगा,’ एवढंच लिहिलंत, का ते लिहिलं नाहीत. बाबांनी ते शोधलं, वाचलं, आणि मग मला हाक मारली. गणितातलं बरोबरचं चिन्ह ज्या माणसाने १५५७ साली पहिल्यांदा छापलं, तो याच गावात जन्मला. दोन समांतर रेषांइतकं एकमेकांशी समान दुसरं काही असू शकत नाही, म्हणून दोन आडव्या रेघा, असं त्याने कारणही दिलं होतं. पस्तीसेक वर्षं फळ्यावर ज्या रेघा ओढल्या, त्यांचा जनक समोर. बाबा तिथून लवकर हललेच नाहीत. काकू, आयुष्यात मला त्यांना असं काही दाखवता आलं नव्हतं.

आईचा नंबर फिशगार्डला लागला. गावच्या टाउन हॉलमध्ये ते भरतकाम बघायला तुम्ही पुरा अर्धा दिवस राखायला सांगितला होता. मला वाटलं, एका पडद्याला अर्धा दिवस? तो पडदा तीस मीटर लांब आहे! १७९७ च्या फेब्रुवारीत चौदाशेच्या आसपास फ्रेंच सैनिक या किनाऱ्यावर उतरले, ब्रिटनच्या भूमीवरची ती शेवटची स्वारी. दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९९७ साली, गावच्या सत्तरहून जास्त बायकांनी ती सगळी गोष्ट लोकरीच्या धाग्यांनी कापडावर भरली. जहाजं येतात, शिपाई शेतघरं लुटतात, दारू पिऊन धडपडतात. जेमायमा निकोलस नावाची चांभारकाम करणारी बाई, तिने म्हणे हातातल्या गवत उचलायच्या काट्याने एकटीने बारा शिपाई पकडून आणले. लाल शाली आणि उंच काळ्या टोप्या घातलेल्या गावच्या बायका टेकडीवर जमल्या आणि फ्रेंचांना ती ब्रिटिश पलटणच वाटली, अशीही दंतकथा आहे. दोन-तीन दिवसांत शरणागती.

आई काचेला नाक लावून टाके बघत होती. ‘ही उलटी टीप, हा भरीव टाका, आणि हे बघ, इथे हात बदललाय.’ मला सगळं सारखंच दिसत होतं. तिने मात्र एका घोड्याच्या मानेशी नेमकं बोट ठेवलं. तिथपर्यंत टाके बारीक नि एकमेकांना चिकटून, पुढे थोडे सैल, तिरके. दुसरी बाई बसली असणार सुई घेऊन, असं ती म्हणाली. तिथल्या एक आजी मदतीला होत्या. आईला इंग्रजी बेताचं, त्यांना मराठीचा गंध नाही, तरी दोघींचं बोटांनी दाखवत बराच वेळ चाललं होतं. नंतर ओहोटीला आम्ही गुडविकच्या वाळूवर गेलो. फ्रेंचांनी शस्त्रं खाली ठेवली ती याच वाळूवर. कापडावर बघितलेला तो विस्तीर्ण किनारा समोर तसाच पसरलेला होता.

केरू गावाबद्दल तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. किल्ला सुंदर आहेच, आणि रस्त्याकडेला अकराव्या शतकातला तो उंच केल्टिक क्रूसही, अंगावर दोऱ्या गुंफाव्यात तशी नक्षी कोरलेला. पण आम्ही रमलो ते भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरणीत. खाडीला बांध घातलाय. भरती आली की पाणी झडपांतून आत येऊन २३ एकरांचं तळं भरतं. ओहोटी लागली की झडपा मिटतात, तळं तुंबून राहतं, बाहेरची पातळी पुरेशी खाली गेली की तेच पाणी चाकांवर सोडायचं आणि दळण दळायचं. बाबा बघताक्षणी म्हणाले, ‘ही तर गोव्याच्या खाजणातली मानस!’ तिथे दाराने खारं पाणी अडवून भात पिकवतात, इथे त्याच युक्तीने पीठ काढत होते. वेल्समध्ये दुरुस्त करून उभी ठेवलेली अशी ही एकच गिरणी. तळ्याभोवतीची वाट मैलभराची, सपाट, चाकाची खुर्ची जाईल अशी. आईने अख्खी फेरी मारली, बाकांवर बसत, बदकांशी बोलत.

सेंट डेव्हिड्सला गाव आलं तरी चर्च दिसेना. जेमतेम दीड-दोन हजार वस्तीचं, तरी दर्जाने शहर, आणि एवढं मोठं कॅथीड्रल दडवलंय कुठे? तुमच्या पानावर उत्तर होतं: ‘ते खोलगटात आहे, समुद्रावरून दिसू नये म्हणून.’ समुद्रावरून येणाऱ्या व्हायकिंग लुटारूंनी हे देवस्थान कितीदा तरी लुटलं, तेव्हा एवढी सावधगिरी साहजिक आहे. वरच्या वेशीतून आत गेलं की एकोणचाळीस पायऱ्या उतराव्या लागतात. त्या टाळून आईला खालच्या गाडीतळावरून न्या, असं तुम्ही लिहिलं नसतंत तर ती वरच थांबली असती. आत जमीन चढती आहे, दारातून वेदीकडे जाताना पायांना जाणवते, आणि खांब थोडे बाहेर कललेले. ११८१ पासूनची ही इमारत ओल्या जमिनीवर उभी आहे, भूकंपानेही हललेली. वर ओकच्या लाकडाचं कोरीव छत, त्याच्याकडे बघत बाबा बाकावर जवळजवळ आडवेच झाले.

११२३ साली पोपनी ठरवून दिलं की सेंट डेव्हिड्सच्या दोन यात्रा म्हणजे रोमची एक. हे ऐकून आईने हिशेब केला आणि म्हणाली, ‘म्हणजे अजून एकदा यायला हवं.’ पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाची वारी समजावून सांगावी लागत नाही.

पेम्ब्रोकचा किल्ला आम्ही पाहिला. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री १४५७ मध्ये तिथे जन्मला, बुरूज अफाट आहे, पण खरं सांगायचं तर किल्ले आम्ही कोकणात पुष्कळ पाहिलेत. तुम्हीही त्याच्यापुढे ‘पाऊस असेल तर’ असंच लिहिलं होतंत. पाऊस होता.

मार्टिन्स हेवनचा दिवस मात्र विसरणं शक्य नाही. समोर स्कोमर बेट, पफिनसाठी जगभर नावाजलेलं, पण ते पक्षी जुलैअखेर समुद्रावर निघून जातात, आणि बेटावर उतरल्या उतरल्या पायऱ्यांची खडी चढण. तुम्ही स्कोमरवर फुली मारून लिहिलंत, ‘सप्टेंबरात सीलची पिल्लं बघा, वरूनच.’ कड्यावर पोचण्याआधी आवाज आला, रडणाऱ्या तान्ह्या बाळासारखा. आई थबकलीच. खाली गोट्यांच्या छोट्याशा किनाऱ्यावर एक पिल्लू पडलेलं, पांढरंशुभ्र, लांब लव असलेलं, पोट वर करून. आई-सील पाण्यात, नुसतं डोकं बाहेर, नजर पिल्लावर. पाणी चढत होतं. लाट पिल्लाच्या शेपटीला लागली की ते अंग आक्रसून वर सरकायचं आणि पुन्हा ओरडायचं. शेवटी ती बाहेर आली, एवढी जड, पोटावर सरपटत, आणि त्याच्याजवळ आडवी झाली. पिल्लू चुरूचुरू दूध प्यायलं तेव्हा कड्यावरचे आम्ही सगळे, ओळखीचे-अनोळखी, खूश होऊन एकमेकांकडे बघत होतो.

स्टॅक रॉक्सजवळच्या त्या प्रचंड दगडी कमानीचंही सांगते. तो भाग लष्कराच्या गोळीबार सरावाचा, ठरावीक दिवशी रस्ता बंद. कोणते दिवस उघडा ते आधी बघा, ही तुमची सूचना सोन्यासारखी ठरली, कारण आदल्या दिवशी फाटक बंद होतं. गाडीतळापासून चार पावलांवर लाकडी सज्जा आहे, तिथून कमान समोर दिसते. २०१७ च्या ओफीलिया वादळात तिचा मोठा तुकडा समुद्रात गेला. तिच्यावर आपटणारं पाणी बघितलं की उरलेला भाग कसा टिकलाय याचंच नवल वाटतं.

आणि पेन्त्रे इवान, अश्मयुगातलं शिळांचं थडगं. स्टोनहेंजला आम्ही तिकीट काढून, दोराच्या पलीकडून दगड बघितले होते. इथे प्रेसेली टेकड्यांच्या कुशीत, शेताकडेला, ना तिकीट ना दोर. तीन उभ्या शिळांच्या टोकांवर सोळा टनांचा म्हणतात तो माथ्याचा दगड, साडेपाच हजार वर्षांपूर्वीपासून तोललेला. बाबांनी हात फिरवला. स्टोनहेंजचे निळे दगड याच प्रेसेलीतून गेले, अंदाजे सव्वादोनशे किलोमीटर, चाक नसताना. तुम्ही दोन्ही जागा याच क्रमाने ठेवल्यात, आधी ते, मग हे, त्यामुळे दगड निघाले कुठून हे नंतर समजलं आणि जास्त भिडलं.

आता जे तुम्हाला फोनवर सांगता आलं नाही ते सांगते. गेली काही वर्षं आई कुठेही गेली की म्हणायची, ‘तुम्ही जाऊन या, मी गाडीत बसते.’ आम्हीही ते ऐकून घ्यायला शिकलो होतो. या अख्ख्या प्रवासात तिने ते वाक्य एकदाही उच्चारलं नाही, कारण तुमच्या पानांवर प्रत्येक जागेपुढे तिच्यासाठी काहीतरी होतं: बाक कुठे आहे, पायऱ्या किती, वाळू कधी घट्ट असते, स्वच्छतागृह कुठे. ज्यांना तुम्ही तोवर एकदाही भेटला नव्हतात, त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून तुम्ही एक किनारा मांडून दिलात. यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

मे महिन्यात माझी मावशी येते आहे. तिचे गुडघे ठणठणीत आहेत, तेव्हा स्कोमरवरची फुली आता पुसायला हरकत नाही. तिला पक्ष्यांचं वेड आहे आणि आमसुलाच्या सारासोबत तुमच्याकडे तळलेला बांगडा खायची तिची इच्छा आहे, हे तिने स्वतःच ठरवलंय. बाबांनी तुमच्यासाठी कोकम आणि कुळथाचं पीठ काल वेंगुर्ल्याहून टपालात टाकलं. पोचलं की कळवा, आणि जमेल तेव्हा मावशीच्या तारखांच्या ओहोट्या लिहून पाठवा.

तुमची,
वेंगुर्लेकरांची लेक, ब्रिस्टल