नाव न कळलेल्या आवाजांचे आभार

एप्रिल २०२१. दुसऱ्या लाटेत मी इंदूरला कोविड वॉर्डात नर्स होते. रामबागेतल्या घरी सासूबाई आणि लहान लेक, म्हणून मी वरच्या खोलीत एकटी राहायची. पीपीई किटमध्ये असताना तासन् तास फोनला हात लावता येत नसे. किट उतरवून, हात धुऊन फोन उघडला की आम्हा नर्सेसची रोज विचारपूस करणाऱ्या तुम्हा अनोळखी माणसांचा मेसेज असायचाच: "ताई, जेवलात का? झोप झाली का?" उत्तरात एक ते पाच यातला फक्त एक आकडा पाठवायचा; एक म्हणजे मन अगदीच खचलेलं. दमलेल्या माणसाला तेवढंच जमतं, हे तुम्ही ओळखलंत.

एका संध्याकाळी मी 'एक' पाठवला. माझ्या भावाच्या वयाचा पेशंट त्या दिवशी गेला होता. थोड्याच वेळात फोन वाजला. पलीकडच्या ताईंनी उपदेश केला नाही. चार मोजेपर्यंत श्वास घ्यायला, सहा मोजेपर्यंत सोडायला लावला, मग मला पोटभर रडू दिलं. मागे त्यांच्या घरच्या कुकरची शिट्टी झाली. कुठेतरी रोजचा स्वयंपाक चालू आहे, एवढ्यानंही जीव थाऱ्यावर आला.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची हेल्पलाइन तेव्हाही होती, पण आपण होऊन फोन लावायला आम्हाला संकोच वाटे. तुम्ही आधी विचारलंत. आता २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. वॉर्डातल्या नव्या मुलींना तो मी स्वतः सेव्ह करून देते.

आमच्या वयस्कर सिस्टरांना व्हॉइस मेसेज शिकवणाऱ्या त्या मुलाचेही मनापासून आभार. फोन बदलला, तरी तुमचे मेसेज मी जपून ठेवलेत.