आराखडा वीस वर्षांचा आहे, तुमच्या दोन संध्याकाळी हव्यात

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा तयार करण्याचं काम आमच्या समितीनं हाती घेतलं आहे. रस्ते कुठून जाणार, शाळा-दवाखान्यासाठी कोणती जागा राखून ठेवायची, पावसाचं पाणी कुठून काढून द्यायचं, आज मोकळं असलेलं मैदान उद्याही मोकळंच राहणार का, हे त्यात ठरेल. रस्त्याखाली एकदा जलवाहिनी टाकली की पिढी-दोन पिढ्या तिला कुणी हात लावत नाही. चुकीच्या जागी इमारत उभी राहिली तर ती पाडायला कुणी धजावत नाही. म्हणून हे काम घाईनं उरकायचं नाही, आणि पंधरा-वीस जणांनी बंद खोलीत बसून तर मुळीच करायचं नाही.

पहिल्या दोन बैठका मात्र आम्ही तशाच घेतल्या. वेळ ठेवली सकाळी अकराची, तीही कामाच्या दिवशी. आले ते नेहमी येणारेच. भाड्यानं राहणारे आले नाहीत, पाळीवर जाणारे आले नाहीत, कडेवर मूल असलेल्या बायका आल्या नाहीत. शाळकरी मुलांना आम्ही बोलावलंही नव्हतं, आणि वीस वर्षांनी हे गाव चालवणार तीच आहेत. चूक आमची होती.

तिसऱ्या वेळी नकाशा घेऊन आम्हीच बाहेर पडलो. रस्त्याकडेला टेबल मांडलं, नकाशा पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. एक आजी चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या. मग एका हिरव्या चौकोनावर बोट टेकवून म्हणाल्या, "इथं बाग दाखवलीय तुम्ही. पावसाळ्यात इथं गुडघाभर पाणी असतं. पूर्वी ओढा होता ना!" आमच्या नकाशात ओढा नव्हता. जुना नकाशा काढून पाहिला, तर त्यात होता. त्या एका बोटानं जे काम केलं, ते आमच्या दोन बैठकांना जमलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी एका मुलीनं विचारलं, "शाळेसमोरचा रस्ता रुंद करताय, मग आम्ही तो ओलांडायचा कसा?" प्रश्न साधा, पण त्यामागचा हिशेब बघा. रस्ता बारा मीटर रुंद असेल आणि माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलं, तर दहा सेकंद पुरतात. हळू चालणारं म्हातारं माणूस सेकंदाला ०.८ मीटर जातं, त्याला पंधरा लागतात. ते वरचे पाच सेकंद आराखड्यात धरलेत का, हे विचारणारं कुणीतरी तिथं असायला हवं. पायऱ्यांचंही तसंच. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी चाकाच्या खुर्चीला चढायची, तर एकास बारा या उतारानं १.८ मीटर लांबीची जागा लागते. ती आधीच सोडली नाही तर नंतर कुठून आणणार?

आधी गाव नीट पाहा, मग आराखडा करा, हा आग्रह पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारानं शंभर वर्षांपूर्वी धरला होता. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी १९१८ मध्ये अहवाल लिहिला. तिथे काम करताना त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढली आणि जाहीर केलं, की ती नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. जिथले लोक घरं-गल्ल्या सर्वात स्वच्छ करतील, तिथून जाईल. लोक कामाला लागले. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन पालिकेच्या पैशातून कोणती कामं आधी करायची हे लोक ठरवू लागले, आणि पाणी-गटाराची सोय गरीब वस्त्यांपर्यंत पोचली. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात माहिती देणं आणि मत विचारणं या मधल्याच पायऱ्या आहेत, निर्णयात वाटा मिळणं त्यांच्या वर. आम्हाला त्या वरच्या पायऱ्यांपर्यंत जायचं आहे. मत घेऊन ते फायलीत लावून ठेवायचं असतं, तर तुम्हाला हे पत्र लिहिलंच नसतं.

आता मागणं. आम्हाला सर्वात आधी माणसं हवीत. प्रत्येक भागात संध्याकाळी नकाशाचं टेबल मांडायचं आहे. एकानं बोलायचं, एकानं ऐकून जसंच्या तसं लिहून घ्यायचं. महिन्यातून दोन संध्याकाळी दिल्यात तरी पुष्कळ झालं. अक्षर चांगलं असेल, दुसरी एखादी भाषा किंवा खुणांची भाषा येत असेल, तर जरूर या. सभा चालू असताना मुलांना सांभाळणारं कुणी मिळालं तर कितीतरी आया येऊ शकतील, ही मदत आम्हाला फार मोलाची वाटते. घरात गावाचे जुने फोटो, जमिनीचे जुने नकाशे असतील तर दाखवायला आणा. आम्ही तुमच्यासमोर प्रत काढून मूळ कागद लगेच परत देऊ.

पैसाही लागणार आहे. मोठ्या आकाराचे नकाशे छापणं, ध्वनिक्षेपक, अंथरूण धरून असलेल्यांच्या घरी जाऊन त्यांचं म्हणणं टिपून आणणं, याला खर्च येतो. जमेल ती रक्कम द्या, रक्कम लहान म्हणून संकोच करू नका. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला समितीच्या फलकावर लागेल. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. आराखड्यात ज्यांच्या जमिनीचा किंवा बांधकामाचा निर्णय अडकला आहे, त्यांच्याकडून आम्ही देणगी घेणार नाही. त्यांनी टेबलाशी येऊन आपलं म्हणणं मांडावं, तेही इतरांइतक्याच काळजीनं लिहून घेऊ.

नावं समितीच्या कार्यालयात संध्याकाळी सहानंतर नोंदवता येतील. येताना शेजारच्या एकाला तरी सोबत आणा, शक्यतो जो आजवर कुठल्याच सभेला आलेला नाही त्याला.

आपले,
नगर विकास समितीचे सर्व सदस्य