व्हिडिओच्या खालीही बघा

आई-बाबा,

सा. न.

फोनवर हे सांगायला घेतलं की बाबा म्हणतात थांब जरा चष्मा आणतो, आणि चष्मा सापडेपर्यंत विषय आईच्या गुडघ्यांवर गेलेला असतो, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. सावकाश वाचा, एका दिवसात सगळं करून बघायचं नाहीये.

बाबांचं खगोलशास्त्र आणि आईचं मानसशास्त्र, दोन्ही ऑनलाइन कोर्स जोरात चाललेत हे ऐकून मस्त वाटलं. पण बाबांनी जो स्क्रीनशॉट पाठवला ना, सगळीकडे हिरव्या खुणा आणि खाली फुशारकीने "दोन आठवडे संपवले", तो मी मोठा करून बघितला तर व्हिडिओ सोडून बाकी काहीच उघडलेलं नाही. बाबा, ती हिरवी खूण फार भोळी असते हो. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की ती येते, समोरचा माणूस जागा आहे का खुर्चीत घोरतोय हे तिला काय कळणार. आणि आई तर म्हणतेच की मी फक्त ऐकते, या वयात मला कुठे परीक्षा द्यायचीये. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या पानावर व्हिडिओ हा सगळ्यात सोपा भाग आहे, खरा माल बाजूला आणि खाली असतो आणि तुम्ही दोघं तिकडे फिरकतच नाही.

आधी व्हिडिओचंच बोलू, त्यातही बरंच आहे. ते सर भरभर बोलतात अशी बाबांची तक्रार आहे, तर खालच्या पट्टीत सेटिंगचं चाक असतं त्यात स्पीड 0.75 करा, आवाज घोगरा होत नाही, फक्त माणूस शांतपणे बोलायला लागतो. सबटायटल जरूर लावा, पण ती बऱ्याचदा मशीनने केलेली असतात त्यामुळे माणसांच्या आणि ताऱ्यांच्या नावांचं पार भजं होतं, नाव स्लाइडवर बघूनच वहीत लिहा. आणि आई, तुझ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट. व्हिडिओच्या बाजूला किंवा खाली तो शब्द दिसेल, उघडलं की सर जे जे बोलले ते सगळं छापल्यासारखं समोर येतं, आणि कोर्सेरा किंवा एडएक्ससारख्या कोर्सच्या साइटवर त्यातल्या कुठल्याही वाक्यावर क्लिक केलं की व्हिडिओ बरोबर त्याच जागी उडी मारतो. म्हणजे "ते कुत्र्याच्या प्रयोगाचं कुठे सांगितलेलं" म्हणून तू जी अख्खा व्हिडिओ पुढे-मागे ओढत बसतेस ते करायलाच नको.

व्हिडिओ इतके तुकड्या-तुकड्यांचे का, एकच तासाचं लेक्चर का देत नाहीत असं बाबा विचारत होते. त्याला कारण आहे. 2014 साली एडएक्सवरच्या कोर्सेसचा अभ्यास झाला होता, व्हिडिओ बघण्याच्या जवळजवळ 69 लाख नोंदी तपासल्या आणि निघालं काय, तर व्हिडिओ कितीही लांब असला तरी साधारण बघणारा सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. तेव्हापासून छोट्या तुकड्यांचा आग्रह जास्तच वाढला. त्यामुळे बाबा, सलग दहा व्हिडिओ लावून ठेवू नका, दोन बघा, उठा, मग पुढचं.

आता क्विझ. हे मी जरा लांबवणार आहे कारण इथेच तुम्ही दोघं सगळ्यात जास्त पळता. आई, तुझ्याच विषयातलं सांगते. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून जे आठवेल ते कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. पण एका आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं, ज्यांनी आठवून लिहिलं होतं त्यांच्याच जास्त लक्षात होतं. आणि गंमत अशी की पुन:पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त खात्री होती की आपल्या लक्षात राहणार! बघितल्या-बघितल्या "हो हो कळलं" वाटतं ना, ते हेच. म्हणजे क्विझ तुमचे मार्क मोजायला कमी आणि डोक्यात ठसवायला जास्त असते.

त्यातही दोन प्रकार असतात. एक सरावाची, तिचे मार्क कुठेच धरत नाहीत, कितीही वेळा द्या. दुसरी ग्रेडेड, ती शेवटच्या निकालात धरतात, तिथे किती वेळा देता येईल ते वरच लिहिलेलं असतं, सुरू करायच्या आधी वाचा. बाबा आता म्हणतील मी उत्तरांचे नंबर लिहून ठेवतो, तर चालणार नाही, पुष्कळ ठिकाणी प्रश्न मोठ्या साठ्यातून उचललेले असतात आणि पर्यायांची जागाही दर वेळी बदलते. आणि लाल फुली आली की आई, लगेच पान बंद करायचं नाही. फुलीच्या खाली बऱ्याचदा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे का चुकलं आणि कुठला व्हिडिओ परत बघायचा, कधीकधी अख्ख्या लेक्चरपेक्षा त्या दोन ओळींत जास्त कळतं. ती फुली कोर्स करणाऱ्या दुसऱ्या कोणालाही दिसत नाही, माझी शपथ.

बाबांसाठी एक वेगळी गोष्ट आहे, सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर आपल्या हाताने करून बघायचा प्रयोग. फेट (PhET) नावाचा प्रकल्प आहे, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2002 मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला, त्यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फुकट आहे, काही सिम्युलेशन मराठीतही आहेत. त्यातलं गुरुत्वाकर्षण आणि कक्षांचं उघडा. सूर्य मधे, पृथ्वी बाजूला, आणि एक बटण दाबलं की ती फिरायला लागते. ती फिरत असताना गुरुत्वाकर्षण बंद करायचं. पृथ्वी बाहेर फेकली जाईल किंवा गोल गोल लांब जाईल असं वाटतं की नाही, तर तसं काही होत नाही, ज्या क्षणी बंद केलं त्या क्षणी ती जिकडे चालली होती तिकडेच सरळ रेषेत निघून जाते. मग सूर्याचं वस्तुमान वाढवून बघा, कक्षा कशी आवळते ते. तुमचे सर फळ्यावर बाण काढून जे सांगत होते ते हेच, फक्त इथे तुम्ही हाताने करता, बिघडलं तर रिसेट आहेच. मी स्वतः ते उगाच खेळत बसते, कामं सोडून.

आईच्या कोर्समध्ये पुढे एक लिहायची असाइनमेंट येईल, ती तपासायला शिक्षक नसतो, कोर्स करणारेच एकमेकांची तपासतात. घाबरू नकोस. तुझं लिखाण काही अनोळखी लोकांकडे जातं, तुला त्यांच्यातल्या काहींचं येतं, आणि सोबत रुब्रिक असतं म्हणजे कशाला किती मार्क द्यायचे त्याचं कोष्टक. माझा सल्ला, लिहायच्या आधी ते कोष्टक वाच. तपासणारे सगळेच नीट वाचतात असं मुळीच नाही, कोणी नुसतं "छान" लिहून सुटतं, पण दुसऱ्यांची उत्तरं वाचताना आपण काय सोडलं ते चटकन दिसतं.

वाचायचं साहित्य आणि स्लाइड पीडीएफमध्ये डाउनलोड होतात, बहुतेक ठिकाणी, पण बाबा सगळं प्रिंट काढू नका प्लीज. अ‍ॅपमध्ये व्हिडिओही उतरवून ठेवता येतात, नेट गेलं तरी चालतात. आणि सर्टिफिकेट-बिर्टिफिकेटची भानगडच नको असेल तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं ओपनकोर्सवेअर बघा, 2001 मध्ये त्यांनी जाहीर केलं की आमच्या कोर्सेसचं साहित्य सगळ्यांसाठी फुकट खुलं करणार आणि केलंही, लेक्चरच्या नोट्स, गृहपाठ, परीक्षांचे जुने पेपर, लॉगिनसुद्धा लागत नाही. फक्त तिथे तपासणारं कोणी नाही, डेडलाइन नाही, सगळं आपलं आपण.

डेडलाइनवरून आठवलं, ती चुकली म्हणून बाबांनी चिडून कोर्स सोडायचं काही कारण नाही. ज्या कोर्सच्या तारखा सगळ्यांसाठी एकच नसतात, आपल्या गतीने करायचा असतो, तिथे तारखा पुढे ढकलायचं बटण बहुतेक वेळा असतं, दाबलं की नवीन वेळापत्रक. शिवाय अर्ध्यात थांबणारे तुम्ही एकटे थोडेच आहात, 2011 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचा जो आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स सगळ्यांना खुला केला होता त्याला एक लाख साठ हजारांच्या आसपास लोकांनी नाव घातलं आणि शेवटपर्यंत गेले ते वीस-बावीस हजार.

आता जरा कटकटीचं. आईचा कोर्स ऑडिटवर आहे, म्हणजे फुकट बघता येतो पण ग्रेडेड क्विझला कुलूप दिसू शकतं आणि काही ठिकाणी मुदत संपली की साहित्यही बंद होतं, तेव्हा आवडलेल्या पीडीएफ आत्ताच उतरवून ठेव. बाबांनी मात्र फ्री ट्रायल घेताना कार्डाचा नंबर दिलाय असं आई म्हणाली. तो ट्रायल संपला की पैसे आपोआप कापले जातात. अकाउंटच्या सेटिंगमध्ये सबस्क्रिप्शन म्हणून असेल तिथे जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा, नाही सापडलं तर तसंच ठेवून मला फोन करा, रविवारी सकाळी मी मोकळी आहे, स्क्रीन शेअर करून दोघं मिळून करू. तोवर बाबांनी पहिल्या आठवड्याची सरावाची क्विझ देऊन ठेवायची, व्हिडिओ परत न बघता.

तुमची,
लेक