आपल्या वैमानिकाच्या स्मारकासाठी विमान उभं करायचं आहे : ग्रामस्थांना व गाव सोडून बाहेर असलेल्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

महादेवाच्या देवळामागचे दोन वीरगळ आपण लहानपणापासून पाहतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवपूजा आणि सूर्य-चंद्र. त्या वीरांची नावं आज कुणालाच सांगता येत नाहीत, तरी दसऱ्याला तिथे नारळ फुटतो. सातारा जिल्हा आपली माणसं अशी दगडात जपतो. अपशिंगे मिलिटरी गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांची नोंद असलेला दगड आजही त्या गावात आहे.

आपल्या गावच्या वैमानिकाची मात्र गावात एकही खूण नाही. मिग-21 घेऊन सरावाच्या उड्डाणाला गेले आणि परत आले नाहीत. त्यांचं नाव या पत्रकात छापलेलं नाही, कारण त्यांच्या आईंनी तसं सांगितलं: "कागद उद्या रद्दीत जाईल. नाव दगडावर कोरा." ते आम्ही कोरणार आहोत.

शाळेच्या मैदानाकडेला उभं असलेलं जुनं मिग-21 सगळ्यांना माहीत आहे. ते त्यांचं विमान नव्हे; त्यांच्या विमानाचे तुकडेच हाती आले होते. पण जात तीच. 1963 साली ही विमानं हवाई दलात आली, तेव्हा संरक्षणमंत्री आपल्या कराडचे यशवंतराव होते. पुढे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ती बांधलीही गेली आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला त्यांना निरोप दिला गेला. आता हे विमान आकाशात दिसायचं नाही. जमिनीवर जे उरलंय तेच जपायचं.

आणि ते आपण जपलेलं नाही. रंगाचे पोपडे सुटलेत, मागच्या नळकांड्यात साळुंक्यांची घरटी आहेत, नाकापुढची लांब नळी वाकलीय, कॉकपिटची काच पिवळी पडून आतलं दिसेनासं झालंय. पंखांवर पोरांनी खिळ्याने नावं कोरलीत. दोष कुणा एकाचा नाही, रोज तिथून जाणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे.

ग्रामसभेत एकाने विचारलं, "लढाई कुठं होती, मग स्मारक कशाला?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, म्हणून उत्तरही नीट देतो. मिग-21 ला इंजिन एकच. धावपट्टीवर उतरतानाच वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर असतो. काही बिघडलं तर विचार करायला मिळतात ते सेकंद. 14 डिसेंबर 1971 ला याच मिगांनी ढाक्यात पाकिस्तानी गव्हर्नरच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला केला, तो काय त्या दिवशी शिकून केला? लढाईच्या दिवशी हात चुकू नये म्हणून शांततेच्या काळात रोज जीव पणाला लावावा लागतो. अशा सरावात गेलेला माणूस सीमेवर पडलेल्यापेक्षा तसूभरही कमी नाही. आम्ही माजी सैनिक हे मनापासून मानतो.

आमच्यात हवाई दलातून निवृत्त झालेले एक एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारे, आहेत. काम त्यांच्या देखरेखीखाली होईल. आधी विमान धुवायचं, सुटलेला रंग खरवडायचा, ॲल्युमिनियमवर जिथे पांढरी भुकटी धरलीय ती काढायची, मग प्रायमर आणि रंग. पंखांवर हवाई दलाचं वर्तुळ पुन्हा काढायचं: बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. पाणी आत साचू नये म्हणून निचऱ्याची भोकं मोकळी करायची, पाखरं शिरतात त्या तोंडांना जाळी बसवायची. शेवटी क्रेनने उचलून चौथऱ्यावर ठेवायचं, पण भार टायरांवर नाही, लोखंडी स्टँडवर. ओल्या पत्र्यावर रंग धरत नाही, त्यामुळे रंगकाम वळवाच्या आधी उरकलंच पाहिजे. अर्पण सोहळा 8 ऑक्टोबरला, हवाई दल दिनी, त्यांच्या आईंच्या हस्ते.

यासाठी पैसे लागणार आहेत, आणि ते मागताना आम्हाला संकोच नाही. ज्याला जे जमेल ते द्यावं. एका घराने सिमेंटचं एक पोतं दिलं तरी चौथरा उभा राहील. वाळू, खडी, सळई, ट्रॅक्टरची एक खेप, वेल्डिंगचं एका दिवसाचं काम, क्रेनचं भाडं, हे सगळं देणगीच आहे. पुण्या-मुंबईला असलेल्यांनी रंग आणि काचेचा खर्च उचलावा, अशी विनंती. बँक खात्याचा तपशील ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे. रोख रक्कम फक्त कार्यालयातच द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये. जमाखर्च दर महिन्याला त्याच फलकावर लागेल.

रविवारी सकाळी 7 वाजता मैदानावर श्रमदान आहे. येताना बादली आणि जुनी सुती धोतरं-साड्या आणा. तारेचा ब्रश कुणीही आणू नये, पत्र्याला ओरखडे पडतात. साळुंक्यांची पिल्लं उडून जाईपर्यंत मागच्या बाजूला हात लावायचा नाही, तिकडचं काम शेवटी.

आपले,
विमान स्मारक समिती
माजी सैनिक व समस्त ग्रामस्थ
ता. कोरेगाव, जि. सातारा