अर्जातली मराठी आणि नोटिशीतली मराठी

मा. संपादक,

अर्ज लिहायचा म्हटला की कोकणात चांगलं बोलणारा माणूसही अवघडतो आणि जुन्या अर्जावरून 'दाखला मिळणेबाबत', 'कारवाई करणेत यावी' असे उतरवून काढतो. ही रूपे भारदस्त वाटतात, पण नियमाला धरून नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे लेखननियम राज्य शासनाने स्वीकारलेले आहेत आणि त्यांनुसार 'मिळण्याबाबत', 'करण्यात यावी' असेच लिहायला हवे. सुधारणा आधी कार्यालयांनी करावी, कारण लोक त्यांच्याच कागदांवरून शिकतात.

अर्जात औपचारिकपणा लागतो, पण मोजक्याच जागी. 'झालाय' नको, 'झाला आहे' हवे. 'केलं' नको, 'केले' हवे. वर 'आपण' आणि खाली 'तुम्ही' अशी सरमिसळ टाळावी. मागणी एका वाक्यात यावी. बोलण्यातला काळ मात्र तारखेत बदलावाच लागतो: 'मिरगात गडगा पडला' (मृग नक्षत्रात रचलेली दगडी भिंत पडली) हे वाडीत पुरते, तालुक्याच्या कचेरीला दिनांक आणि वर्ष हवे. सर्व्हे नंबरासोबत हिस्सा नंबरही लिहावा. तो राहिला की जमीन नेमकी कोणती हे कळत नाही आणि अर्ज त्रुटीसाठी परत येतो.

'गडगा' हा शब्द मात्र काढू नये. त्याच्या जागी 'कुंपण' लिहिले, तर मोजणीला आलेला माणूस खांब आणि तारा शोधणार; दगडांची रचलेली भिंत त्याच्या डोळ्यांसमोर येणार नाही. पाणंद (शेतांमधली अरुंद वाट), मळी (नदीकाठची शेतजमीन), वरकस (उतारावरची हलकी जमीन), कातळ (उघडा खडक) हेही असेच नेमके शब्द. गावंढळ समजून त्यांच्या जागी 'मार्ग' आणि 'जागा' घातले की अर्जातली माहितीच जाते.

नोटिशीचे दुखणे याहून गंभीर आहे. सातबारावरची नोंद बदलण्याआधी येणारी फेरफाराची नोटीस पाहा: 'विहित मुदतीत हरकत प्राप्त न झाल्यास सदर नोंद प्रमाणित करण्यात येईल.' यात किती दिवस, कोणाकडे, लेखी की तोंडी, यातले काहीच नाही. कोकणात सातबारावर सहहिस्सेदारांची रांग असते. निम्मे मुंबईला, आणि गावातली म्हातारी माणसे त्यांना फोनवर नोटीस वाचून दाखवणार. 'विहित' म्हणजे किती, हे कोणी कोणाला सांगायचे? तेच असे लिहिता येते: 'ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली नाही, तर नोंद पक्की होईल.' भाषा औपचारिकच राहिली, फक्त मुदत आणि जागा उघड झाली.

महसूल आणि ग्रामपंचायत कार्यालयांना आमची विनंती एवढीच, की प्रत्येक नोटिशीखाली अशा दोन ओळी छापाव्यात आणि ग्रामसभेत त्या बोलीतही सांगाव्यात: 'पंधरा दिसांत लिवन देवा, नायतर नोंद पक्की होतली.' मूळ मजकूर तसाच राहू द्यावा; कायद्याच्या कामाला तोच लागतो.

आपले,
मराठीचे काही शिक्षक, कुडाळ