पाटी लावायचीच तर डिफेनबाकियावर लावा

महोदय,

आमच्याकडच्या नर्सरीत स्नेक प्लांटच्या कुंडीवर ‘हवा शुद्ध करणारे झाड’ अशी पाटी लावून भाव चढवतात. या दाव्याचे मूळ नासाच्या १९८९च्या प्रयोगात आहे. तो झाला बंद पेटीत. आपल्या घरांना खिडक्या असतात! २०१९मध्ये अमेरिकी संशोधकांनी जुन्या प्रयोगांचे आकडे तपासले, तेव्हा घरात एरवी खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील, असे दिसले. मग आमच्या हॉलमध्ये पाहुण्यांनी बसायचे कुठे? मनीप्लांट मीही टीव्हीशेजारी बाटलीत वाढवते, पण निव्वळ शोभेसाठी. डिफेनबाकिया या कुंडीतल्या शोभेच्या झाडाचे पान चावले तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. माझी नात रांगते आहे; ही सूचना मात्र कुठल्याच कुंडीवर नाही.

– एक आजी, डोंबिवली (पूर्व)